आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या गरीब मुलांसाठी मदत कशी उभी करावी: महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दर जूनमध्ये वह्या-दप्तरांचं वाटप होतं. आजीकडे वाढणाऱ्या मुलालाही एक दप्तर मिळतं, आणि ते त्याला हवंही असतं. पण त्याच घरात आजीचं श्रावणबाळचं (म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेचं) मानधन अडकलेलं असतं, मुलाचं नाव दुसऱ्याच तालुक्यातल्या रेशनकार्डावर असतं आणि पालकांविना वाढणाऱ्या मुलांसाठीच्या सरकारी बालसंगोपन योजनेचा अर्ज कुणी भरलेलाच नसतो. दप्तर सहा महिन्यांत फाटतं, बाकीचं तसंच राहतं.

म्हणून गावातलं मंडळ, बचत गट, शिक्षकांचा गट किंवा नोंदणीकृत संस्था यांपैकी कुणीही हे काम हाती घेणार असेल, तर देणगीतला पहिला पैसा कागदपत्रांवर आणि त्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसावर खर्च करावा. हिशेब सोपा आहे. बालसंगोपनचे महिन्याला २,२५० रुपये म्हणजे एका मुलामागे वर्षाला २७,०००. दोन भावंडं आणि आजीचे श्रावणबाळचे महिना १,५०० धरले तर त्या घरात वर्षाला ७२,००० रुपये येऊ शकतात. एवढी रक्कम एका घरासाठी दरवर्षी देणगीतून उभी करणं छोट्या गटाला झेपत नाही. मिळवून देणं झेपतं.

आधी यादी, आणि यादीचे चार भाग

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि ग्रामपंचायतीतला शिपाई या चौघांना विचारलं की गावातली जवळपास सगळी अशी घरं कळतात. सरपंचांकडून सुरुवात केली तर यादीत ओळखीची नावं आधी येतात, हे लक्षात ठेवा.

मिळालेली नावं चार भागांत वाटून घ्या, कारण प्रत्येकाचा कागद वेगळा आहे. पहिला भाग, आई-वडील दोघंही वारलेले. दुसरा, एक वारलेला आणि दुसऱ्याने पुन्हा लग्न केलेलं किंवा घर सोडलेलं. तिसरा, पालक हयात पण तुरुंगात, दुर्धर आजारात, व्यसनात किंवा बेपत्ता. चौथा, ऊसतोडीसारख्या कामाला हंगामी स्थलांतर करणारे, ज्यांची मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत म्हाताऱ्यांकडे असतात.

चौथ्या भागाची गल्लत नेहमी होते. या मुलांना पालक आहेत, त्यामुळे बालसंगोपनच्या मागे लागून वेळ घालवू नका. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे: मूल गावातच राहतं, जेवणाची सोय शाळेच्या पातळीवर होते. हे वसतिगृह वेळेत सुरू व्हायचं तर स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी टोळ्या निघण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने पाठवायला हवी. दसऱ्यानंतर हालचाल सुरू केली तर अर्धा हंगाम हातचा गेलेला असतो.

घरभेट

दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी. पहिल्या भेटीत काहीही वाटू नका. हातात पिशव्या दिसल्या की घर तुम्हाला हवी तशी उत्तरं देतं, शेजारीही गोळा होतात. मुलासमोर 'आई कशी गेली' असलं काही विचारायचं नाही. त्याला शाळेबद्दल विचारा आणि मोठ्यांशी वेगळं बोला.

खरं काम असतं ते ट्रंकेतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. आजी ती पिशवी काढून देते. लाइटबिलं, लग्नपत्रिका, जुनी औषधाची चिठ्ठी आणि मध्येच मुलाचा जन्मदाखला. प्रत्येक कागद बघा आणि मोबाइलवर फोटो घेण्याआधी परवानगी मागा. मूळ कागद कधीही घरातून नेऊ नका. तिथंच नोंद करा, झेरॉक्स काढायला नातवाला किंवा शेजाऱ्याला सोबत घ्या.

आजीच्या वारलेल्या मुलाचं किंवा सुनेचं बँक पासबुक सापडलं तर ते नीट वाचा. ४३६ रुपयांची वार्षिक वजावट दिसली तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची आहे, २० रुपयांची दिसली तर सुरक्षा विम्याची. २०२२ च्या आधीच्या नोंदींत हेच आकडे ३३० आणि १२ असतील. पहिल्यात कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण असतं. पासबुकावर मृत्यूच्या वर्षातली वजावट असूनही दावा न केलेली घरं असतात, कारण तो विमा होता हेच घरात कुणाला माहीत नसतं. ज्या शाखेतून वजावट झाली तिथं मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन लगेच जा. वारलेली व्यक्ती १८ ते ५९ वयोगटातली, दारिद्र्यरेषेखालच्या घरातली कमावती असेल, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २०,००० रुपये मिळू शकतात. तो अर्ज तहसील कार्यालयात.

कागदांचा क्रम

क्रम चुकला की एकाच कामासाठी तीन फेऱ्या होतात. सुरुवात जन्म-मृत्यूच्या दाखल्यांपासून करा. मृत्यू जिथं झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात तो नोंदवलेला असतो, गावात नव्हे. जिल्हा रुग्णालयात वारलेल्या माणसाची नोंद ग्रामपंचायतीत शोधत बसलेली घरं पुष्कळ. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे लहान भावंडाचा दाखला मागे ठेवू नका.

बाप बेपत्ता असेल तर मृत्यूचा दाखला मिळणार नाही. सात वर्षं ठावठिकाणा नसला तरच कायदा मृत्यूचं गृहीतक धरतो, आणि तेही न्यायालयामार्फत. तोवर पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवा. ही तक्रार बहुतेक घरांनी दिलेलीच नसते. लाज आड येते.

दुसरा कागद आधार. मुलाचं बायोमेट्रिक ५ आणि १५ वर्षं पूर्ण झाल्यावर अद्ययावत करावं लागतं. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते मोफत आहे. मुलाच्या आणि आजीच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. बऱ्याचदा तो आजीच्या वारलेल्या मुलाचा, बंद पडलेला नंबर असतो, आणि मग एकही ओटीपी येत नाही.

नावं जुळतात का हे इथंच पाहा. आधारवर 'सखुबाई', रेशनकार्डावर 'सखूबाई', बँकेत फक्त 'सखु'. मराठीतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक एकवेळ चालून जातो. इंग्रजी स्पेलिंग वेगळं असलं की पैसे परत जातात. आधार आधी दुरुस्त करा आणि बाकीचं त्यावरून.

तिसरा कागद रेशनकार्ड. मुलाचं नाव आई-वडिलांच्या जुन्या कार्डावरून कमी केल्याशिवाय आजीच्या कार्डावर चढत नाही. जुना तालुका वेगळा असेल तर नाव कमी केल्याचा दाखला तिथूनच आणावा लागतो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदयवर घराला ३५ किलो. म्हणजे प्राधान्य कार्डावर दोन नातवंडांची नावं नसली तर ते घर दर महिन्याला १० किलोंना मुकतं. अंगठ्याचाही प्रश्न असतो: उभं आयुष्य खुरपणी, भांडी आणि शेणामातीत गेलेल्या बाईचे ठसे मशीन ओळखत नाही. दुकानदार 'उद्या या' म्हणतो. डोळ्यांच्या बुबुळांची किंवा ओटीपीची सोय तिथं आहे का विचारा, आणि दहा वर्षांवरच्या नातवाचा ठसा लावून धान्य घेता येतं का पाहा. त्याचं नाव आणि आधार कार्डाशी जोडलेलं असलं की तोही कुटुंबातला सदस्यच.

चौथं, बँक खातं, आणि इथं सगळ्यात जास्त अडतं. कायद्याने आजी-आजोबा हे नैसर्गिक पालक नाहीत, त्यामुळे नातवाच्या खात्यावर पालक म्हणून सही करायला गेले की बँक न्यायालयाचा आदेश मागते. मूल दहा वर्षांचं झालं असेल तर वाट सोपी: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा आणि त्यावरच्या वयाचं मूल स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून चालवू शकतं, रकमेची मर्यादा बँक ठरवते. त्याहून लहान असेल आणि आई हयात असेल तर आईला पालक म्हणून लावता येतं. तेही जमत नसेल तर बालकल्याण समितीचा (अशा मुलांच्या सांभाळाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचा) आदेश घेऊन शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी मागितल्यावर काही शाखांचा सूर बदलतो.

खात्याशी आधार जोडलंय म्हणजे काम झालं असं नाही. सरकारी पैसे आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत जातात. कुणीतरी मध्येच दुसरं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जमा होत राहतात आणि आजी जुन्या बँकेत पासबुक भरून रिकाम्या हाताने परत येते. कोणत्या बँकेत जोडणी आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून कळतं.

जमीन असेल तर सातबारा याच वेळी काढा. बापाच्या जागी वारस नोंद करताना कधी चुलत्यांची नावं चढतात आणि लहान मुलांची गळतात. अल्पवयीन वारसाचं नाव 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून पालनकर्त्यासह लागलं पाहिजे. जमीन महसूल कायद्यानुसार हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला असला तरी अर्ज करा. मुलाच्या वाट्याची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही आजोबांना समजावून सांगा, कारण दबाव त्यांच्यावर येतो.

बालसंगोपनचा अर्ज

योजनेचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. ० ते १८ वयाच्या, पालक नसलेल्या किंवा सांभाळू न शकणाऱ्या मुलांसाठी. नातेवाइकांकडे राहणारी मुलं यात बसतात. २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात, आणि मंजुरी देते ती बालकल्याण समिती.

सोबत लागतं ते असं: मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, पालकांचे मृत्यूदाखले किंवा परिस्थितीचा पुरावा, शाळेचा बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, फोटो आणि घरासमोर मुलांसोबत सांभाळणाऱ्याचा फोटो. प्रत्येक भावंडाचा अर्ज वेगळा. तीन संच करा: एक कार्यालयाला, एक समितीपुढच्या सुनावणीला, एक घरी. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करता येत नाही.

आई हयात असून दुसरीकडे नांदत असेल तर तिचं संमतीपत्र आधीच मिळवा. ती येत नाही म्हणून फाइल पडून राहते. तिच्या नव्या सासरी थेट जाऊन धडकू नका. कुणी विश्वासातली बाई मध्ये घाला.

अर्जानंतर गृहचौकशी होते. घर नेहमीसारखंच दिसू द्या आणि मुलाला उत्तरं पाठ करून देऊ नका, चौकशी करणाऱ्यांना ते पहिल्या मिनिटात कळतं. सुनावणीला मुलाला समितीपुढे न्यावं लागतं. त्या दिवसाचं एसटीभाडं, जेवण आणि आजोबांची बुडालेली मजुरी हा खर्च संस्थेने उचलायचा. फाइल बंद होण्यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं, की जिल्ह्याच्या गावी यायला पैसे नव्हते.

केंद्राच्या मिशन वात्सल्यची स्पॉन्सरशिप (मुलाच्या सांभाळासाठीची मासिक मदत) ही वेगळी योजना. त्यात महिना ४,००० रुपये आहेत, वार्षिक उत्पन्नाची अट ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. एकाच मुलाला दोन्ही मिळतील असं धरून चालू नका. कोणत्या योजनेत बसवायचं ते बाल संरक्षण कक्षात बसून ठरवा.

समितीचा आदेश सांभाळापुरता असतो. मालमत्तेसाठी तो पुरत नाही. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. वकिलाची फी देण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथं मुलांना मोफत वकील मिळतो.

मंजुरी येईपर्यंत

हा मधला काळ देणगीचा. महिनोन्महिने जातात, म्हणून प्रत्येक घरामागे किमान सहा महिन्यांची तरतूद बाजूला काढल्याशिवाय नवं घर यादीत घेऊ नका. दोन महिने मदत देऊन तिसऱ्या महिन्यात हात वर करणं हे सगळ्यात वाईट. तोवर आजीने दुकानदाराची उधारी त्या भरवशावर वाढवलेली असते.

रेशनमधून गहू-तांदूळ मिळतो. कमी पडतं ते त्याच्यासोबतचं. तिघांच्या घराला महिन्याला डाळी ३ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे २ किलो, गूळ १ किलो आणि खात असतील तर ३० अंडी एवढा किराणा पुरेसा फरक पाडतो. त्याच त्या गावच्या दुकानात खातं लावून संस्थेने थेट बिल भरलं तर बाहेरून पोती आणण्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि चव्हाट्यावर वाटपही होत नाही. आजीच्या हाताशी थोडी रोकडही लागते: दळण, गॅस, चप्पल, दवाखान्याची रिक्षा. दारू पिणारा मुलगा घरात असेल तर रोकड न देता सगळं दुकानातूनच द्या.

आजी-आजोबांचं मानधन याच काळात लावून घ्या. श्रावणबाळ योजनेला वय ६५, वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. मानधन अचानक बंद पडलं तर पहिली शंका हयातीच्या दाखल्याची घ्या.

शाळा आणि दवाखाना

शाळेत दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. शिकवणीवर पैसे घालण्याआधी मूल शाळेत रोज जातं का ते हजेरीपटावर पाहा. मोठी नात घरी राहत असेल तर आजीचे गुडघे किंवा डोळे हे कारण असू शकतं. मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होते, आणि तेवढ्याने नातीची शाळा सुरू होऊ शकते. ७० वर्षांवरच्यांना मोफत उपचारांच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. समाजसेवा अधीक्षकांना भेटून उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर अंगणवाडीत मोजून घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं.

आठवीत गेलेल्या मुलाचा जातीचा दाखला लगेच सुरू करा. आईकडच्या आजीकडे वाढणाऱ्या मुलाला वडिलांकडचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ च्या आधीचे. ते कागद वडिलांच्या मूळ गावच्या शाळेत किंवा चुलत्यांच्या घरात असतात, आणि संबंध तुटलेले असतात. बारावीच्या प्रवेशाच्या तोंडावर ही शोधाशोध होत नाही.

आजी आजारी पडली तर

हा प्रश्न पहिल्या तीन महिन्यांत विचारायचा, थेट विचारायचा: तुम्ही चार दिवस दवाखान्यात असलात तर पोरं कुणाकडे जेवतील? आणि कायमच्या गेलात तर? मावशी, आत्या, थोरला चुलता, जे नाव येईल त्या माणसाशी आजीसमोर बोला आणि समितीच्या फाइलमध्ये ते नाव लावून घ्या. कुणीच नसेल तर बाल संरक्षण कक्षाला आधीच कळवून ठेवा. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर मुलाला तोंडपाठ असावा. देणगीदार 'चांगल्या वसतिगृहात घालूया' असा आग्रह धरतात. बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे, आणि आजी धडधाकट असताना तो काढू नये.

पैसे, फोटो आणि नियम

नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. परदेशातून एक रुपयाही घ्यायचा तर एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी, पुण्यातल्या देणगीदाराच्या अमेरिकेतल्या भावाने पाठवलेला असला तरी. तो भाऊ भारतीय नागरिक असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून पासपोर्टची प्रत आधी मागा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.

मुलाचा चेहरा, नाव, शाळा किंवा गाव ओळखता येईल असा मजकूर समाजमाध्यमांवर टाकू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केल्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर बिलं आणि पासबुकातल्या नोंदी दाखवा. कुणाही देणगीदाराला किंवा कार्यकर्त्याला मुलाला एकट्याने भेटू देऊ नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातच मिटवू' हा सल्ला देणाराही अडकतो.

सोळाव्या वर्षापासून

बालसंगोपनचे पैसे अठराव्या वाढदिवसाला थांबतात, आणि नेमकं तेच वर्ष बारावीचं असतं. सोळाव्या वर्षी पुन्हा एकदा ट्रंकेतली कागदांची पिशवी उघडून बसा. दोन्ही पालक वारलेले असतील तर अनाथ प्रमाणपत्रासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करा. नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही ते मिळतं आणि राज्यात शिक्षण व नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे. वाचलेली देणगी या दोन वर्षांसाठी राखून ठेवावी, असं आमचं मत: प्रवेशाचे अर्ज, वसतिगृहाची अनामत, जिल्ह्याच्या गावी पहिल्या महिन्याची खाणावळ. अठरा पूर्ण झाल्यावर खातं अल्पवयीनाचं राहत नाही, सहीचा नमुना आणि केवायसी नव्याने द्यावी लागते. ते वाढदिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात करून घ्या, नाहीतर शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता परत जातो.